गिट्टीवरची सायकल

१२ डिसेंबर २०२४

हर्षदीप,

जयभीम. तू माझा नंबर बंद करून ठेवलास म्हणून कागदावर लिहितोय. सारी नोकरी दुसऱ्यांची पत्रं वाटण्यात गेली, आणि स्वतः लिहायची वेळ आली ती अशी. तू मास्तर आहेस, शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस.

आधी कामाचं. प्रतिभाच्या थायरॉईडच्या गोळ्या इथेच राहिल्या होत्या, त्या सोबत पाठवल्यात. सकाळी रिकाम्या पोटी द्यायच्या. ती आपणहून घेणार नाही, पाणी हातात देऊन समोर उभं राहावं लागतं.

आता तुझा प्रश्न. मयूरीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी साऱ्या पाहुण्यांदेखत तू मला विचारलंस, "भाऊजी, पोरीले भंगाराच्या सायकलवर काऊन पाठवलं?" मी बोललो नाही. तू त्याच संध्याकाळी बहिणीला घेऊन बोथला निघून गेलास. लोकांना वाटलं, माझ्याकडे उत्तर नाही. उत्तर होतं, पण भंतेजी बसलेले, समोर पोरीचा फोटो, आणि मी गिअर आणि टायरच्या गोष्टी सांगत बसायचं, हे मला जमलं नाही. आज सांगतो.

आमच्या गावापासून भीमपूरपर्यंतचा रस्ता तुला माहीत आहे. कंत्राटदारानं डांबर उखडलं, गिट्टी पसरली, वर मुरूम टाकला आणि तो गेला तो गेलाच. तेव्हापासून बस गावात येत नाही. मयूरीला दहावीनंतर इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, आदिलाबादला जायचं होतं, म्हणजे रोज भीमपूरपर्यंत जाऊन बस धरायची. प्रतिभा म्हणायची, मामाकडे बोथला ठेवू, तिथं शीक. पोरगी म्हणाली, मी घरूनच जाईन. मलाही तेच पाहिजे होतं, हे मी लपवत नाही. घरात एकच लेकरू होतं.

मी आधी तिला आदिलाबादच्या दुकानात नेलं. तिथं तिला एक शॉकरवाली सायकल आवडली, बैलाच्या मानेएवढे जाड टायर. तिच्यावर बसून ती आरशात बघत होती. मी म्हटलं, ही लग्नाच्या वरातीत चालव. स्वस्तातला शॉकर वर्षात ढिला होतो आणि हँडल हातात थरथरतं. जाड टायर काळ्या मातीत रुततो आणि चढावर पोरीचा जीव काढतो. बारीक टायरची सायकल गिट्टीवर टिकत नाही. आणि आपली जुनी दांडीची सायकल मजबूत खरी, पण चढाला जड आणि उताराला तिचे ब्रेक लागता लागत नाहीत. मी त्याच रस्त्यावर टपालाची पिशवी घेऊन रोज जातो, मला हे कुणी शिकवायला नको होतं.

मग आम्ही दोघांनी जुळवायला घेतली. जुन्या सायकली विकणाऱ्याकडून एक फ्रेम आणली, वरची दांडी खाली झुकलेली, म्हणजे ड्रेस घालून पाय टाकता येतो. शॉकर काढून पुढचं चाक धरणारा साधा लोखंडी चिमटा बसवला. पुढे चेनचं एकच चक्र, तेही लहान, मागे सहा गिअर. टायर मधल्या रुंदीचे, बारीक दाण्यांचे. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये दोन बोटं जागा सोडली, चिखल अडकू नये म्हणून. मागे कॅरिअर असा, की कॉलेजची बॅगही बसेल, दळणही बसेल आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतावर न्यायचा डबाही. रंग तिनंच निवडला, विटकरी, मुरुमाची धूळ दिसू नये म्हणून. चाकाचा आऊट काढायलाही तीच बसली. सारी दुपार स्पोक आवळत राहिली आणि चाक होतं त्याहून वाकडं करून ठेवलं. मी हसलो तर दोन दिवस बोलली नाही.

ती सायकल भंगार नव्हती. माझ्या हातून त्याहून चांगली वस्तू झालेली नाही.

रविकांत


३ जानेवारी २०२५

हर्षदीप,

तुझं पत्र मिळालं. भीमा कोरेगावच्या अभिवादनाला तू आमच्या बाजूच्या गावात येऊन गेलास आणि घरी आला नाहीस, हेही कळलं. असो.

तू लिहितोस, प्रतिभा रात्र रात्र जागी असते. तिला माझ्याकडून एक कबुली पाहिजे, सायकल सदोष होती असं मी लिहून द्यावं, मग तिचा जीव शांत होईल. मी तसं लिहिणार नाही. राग येऊ दे. नोकरीत नाव कमावलं नाही, शेत नाही, बोलण्यात तर मी कुणाला जिंकत नाही. ती सायकल मात्र चोख होती आणि मयूरीला तिचा अभिमान होता. कॉलेजच्या पोरी विचारायच्या, कुठं घेतली, तर ती सांगायची, आमच्या पप्पांनी बनवली. हे खोटं आहे असं मी माझ्या हातानं लिहू?

पडली कशी ते तुला नीट कुणी सांगितलं नाही, म्हणून सांगतो. पावसाळा सरला होता, मुरूम वाळून उडून गेला होता आणि नाल्याच्या उतारावर नुसती मोकळी गिट्टी उरली होती. मागून आमच्या गावचा लखन ट्रॅक्टर घेऊन येत होता. तो म्हणतो, पुढचं चाक गिट्टीवर उड्या मारायला लागलं आणि मग एकदम बाजूला गेलं. ती पुलाच्या कठड्यावर डोक्यावर पडली. तिनं ब्रेक लावले होते, लखननं ते पाहिलं. ती घाबरट नव्हती आणि बेफामही नव्हती.

डोक्यावर हेल्मेट का नव्हतं, असं तू विचारलंस. सायकलवर हेल्मेट घातलेलं माणूस मी आमच्या भागात पाहिलं नाही. पण माझ्या नावावर काही टाकायचंच असेल तर ते टाक, मी नाही म्हणणार नाही.

पंचनामा झाल्यावर पोलिसांनी सायकल परत दिली. मी ती अंगणात उलटी ठेवून एक एक गोष्ट तपासली. ब्रेक ठीक होते. चिमटा सरळ होता. चेन जागेवर होती. त्यापुढे काय तपासलं आणि काय सापडलं, ते विचारू नकोस.

गावात काय बोलतात ते मला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी प्रतिभा ओसरीवर शेजारच्या जयवंताबाईला सांगत होती, मी आतून ऐकलं. "सकाळी मी पाह्यलं तं चाकात हवाच नाई. अंगठा दाबला तं आत जाऊन राह्यला. यायनं पाह्यलं बी नाई. मीच पंप मारून देला, चांगला टणक. नाई तं लेकरू तसंच गेलं असतं." जयवंताबाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, मायचीच नजर असते बाई. तेव्हापासून साऱ्या गावात हेच झालं, की बापानं पोरीला हवा न पाहता पाठवलं.

मी ते ऐकून घेतलं. तूही एवढ्यावर थांब.

रविकांत


१३ जानेवारी २०२५

हर्षदीप,

हे पत्र टपालानं टाकत नाही. शाळेला संक्रांतीची सुट्टी आहे म्हणून तिथं पाठवता येत नाही, आणि घरच्या पत्त्यावर आलं तर प्रतिभाच्या हाती पडेल. गावचा दौलत कापसाची गाडी घेऊन तुमच्या बाजूला नेरडीगोंड्याकडे चाललाय, त्याला सांगितलंय की तुझ्याच हातात द्यायचं. एकटा असशील तेव्हा वाच.

मी स्वतः आलो असतो. पण ती दारात दिसली असती तर मला तुझ्याशी काही बोलता आलं नसतं.

काल मिळालेल्या तुझ्या पत्रात एक ओळ आहे. मला टोचायला लिहिलीस, हे समजतंय. तू लिहिलंस, "ताई रोज सकाळी सपनाच्या सायकलीत स्वतः पंप मारते, अंगठा दाबून पाहते, मगच पोरीला शाळेत जाऊ देते. तुमच्यानं जे झालं नाही ते ती करते." तुझी सपना बारा वर्षांची आहे. तुझ्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ताही रुंद करायला खोदलाय आणि त्याच्यावरही गिट्टीच पडलीय, हे मला दौलतनं सांगितलं.

म्हणून आता जे कधीच सांगणार नव्हतो ते सांगतो.

गिट्टीवर टायर टणक चालत नाही. अंगठ्यानं दाबलं तर थोडं दबलं पाहिजे. तेवढी नरम हवा असली की टायर खड्यावर पसरतो, रस्ता धरून ठेवतो. टणक भरला की तो एका खड्यावरून दुसऱ्या खड्यावर उडतो, आणि उतारावर ब्रेक लावला की धरायला काही राहत नाही. मयूरीच्या टायरात मी मोजूनमापून नरम हवा ठेवत होतो. तिलाही हे सांगितलं होतं. प्रतिभाला सांगितलं नाही, कारण सायकल हा आमच्या दोघांचा विषय होता आणि तिला त्याचा कंटाळा यायचा.

पोलिसांनी सायकल परत दिली त्या दिवशी मी पुढच्या टायरावर अंगठा दाबला. दगड होता. मला वाटलं, आदल्या दिवशी भीमपूरला कुणी हवा भरून दिली असेल. मग तिसऱ्या दिवशी ओसरीवरचं ते बोलणं ऐकलं.

तू तुझ्या बाबांना विसरला नाहीस. आमचे मामाजी सायकलवर कापसाची गाठोडी लादून बाजाराला न्यायचे. एवढ्या ओझ्याला टायर टणकच पाहिजे, नाहीतर रिम बसते आणि ट्यूब कापली जाते. म्हणून पहाटे पंप मारायचं काम लेकीचं होतं. अंगठा दबला नाही पाहिजे, मग बाबा निघणार. ती मला हे लग्नानंतर कितीदा तरी सांगायची, बाबा म्हणायचे, प्रतिभाची हवा असली की मला रस्त्याची भीती नाही. आपल्याकडच्या साऱ्याच सायकली ओझ्याच्या. ज्याच्या चाकात नरम हवा, तो आळशी, असंच आपल्या सगळ्यांना शिकवलेलं आहे. त्या सकाळी मयूरीला उशीर झाला होता, ती आत केस विंचरत होती. मी टपालाची पिशवी आणायला गेलो होतो. प्रतिभानं चाक दाबून पाहिलं आणि बाबांसाठी करायची तेच लेकीसाठी केलं.

तिचा काडीचाही दोष नाही. पण हे तिला कळलं तर ती जगणार नाही. मी तिच्यासोबत वीस वर्षं राहिलोय, मी हे उगाच लिहीत नाही.

तर दोन गोष्टी कर. शाळा उघडली की तिला पंप मारू दे, अडवू नकोस. सपनाच्या मागे मागे तू जा आणि वळण गेलं की दोन्ही चाकांतली हवा थोडी सोड, अंगठा दबेल इतकी. पोरीला सांग, मास्तर लोकांची ही नवी पद्धत आहे. दुसरं, प्रतिभासमोर माझ्याबद्दल जसा बोलत होतास तसाच बोलत राहा. तिचा माझ्यावरचा राग आहे तोवर ती स्वतःकडे बघणार नाही.

तू मागितलेली ती कबुली मी लिहून देईन, म्हणशील तेव्हा.

रविकांत


१० फेब्रुवारी २०२५

हर्षदीप,

तू काल अंगणाबाहेर ऑटोपाशीच थांबलास, त्यामुळे आत काय झालं ते तुला ठाऊक नाही. प्रतिभानं वाटेत सांगितलं असेल असं वाटत नाही.

तुझी चिठ्ठी आठवडाभर आधी मिळाली ते बरं झालं. चूक तुझी नाही. सपना सायकलवर बसलेली, ताई पंप मारतेय, टायर टणक होत चाललाय, आणि तुझ्यानं राहवलं नाही. तू तिच्या हातातून पंप ओढून घेतलास. ती म्हणाली, काऊन? आणि तुला काही सुचलं नाही. तू खोटं बोलायला शिकलेला नाहीस. दोन दिवसांनी ती म्हणाली, मले गावाले घेऊन चाल.

मी त्या आठवड्यात सायकल बाहेर काढली. पुढचा चिमटा उतरवला आणि वरच्या जोडापाशी हॅकसॉनं अर्ध्याहून जास्त कापला. मग दगडावर ठेवून हातोड्यानं वाकवला. ताजं कापलेलं लोखंड चमकतं, म्हणून मीठपाणी लावून दवात ठेवून दिला. गंज चढला तेव्हा परत बसवला. लोखंड चांगलं होतं, कापता कापता पातं मोडलं. दुसरं आणून कापलं.

ती आली ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. जयवंताबाई मागे होती. बसली नाही, पाणी घेतलं नाही. म्हणाली, "हर्षदीपनं माह्या हातातला पंप काऊन हिसकला? तुमी त्याले काई तरी लिहून राह्यले. खरं सांगा. माह्या हवेनं पडली का पोरगी?"

एवढं सरळ विचारील असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, हवेनं नाही, चिमटा तुटला. मी जुनाच चिमटा बसवला होता. ती म्हणाली, दाखवा. मी सायकल आणून उभी केली. तिनं खाली वाकून त्या कापावर बोट फिरवलं, बराच वेळ फिरवलं. मला भीती होती, तिला हॅकसॉची खूण कळेल. तिला लोखंडातलं काही कळत नाही, हे मला माहीत असूनही.

मग ती म्हणाली, "बसवला तवा तडा होता का याले?"

मला नाही म्हणता आलं असतं. नव्हता, नंतर गेला, कुणाला कळणार, असं. पण मी तिचा चेहरा बघितला. नशिबानं झालं असं म्हटलं असतं तर ती परत फिरून स्वतःच्या हातापाशी आली असती. तिला धरायला माणूस पाहिजे होता. मी म्हटलं, "होता. बारीक होता. चालून जाईल वाटलं."

ती म्हणाली, "मंग तुमीच मारलं माह्या पोरीले."

मी हो म्हटलं.

तिनं हात उचलला नाही, शिवी दिली नाही. खाली बसली आणि रडायला लागली. जयवंताबाईला मिठी मारून रडली. आतापर्यंत ती अशी रडलीच नव्हती, मयूरीला नेलं तेव्हाही नाही. नंतर ओसरीवरच्या खाटेवर आडवी झाली आणि झोपली. तुला ऑटोपाशी इतका वेळ का थांबावं लागलं, ते हे. मी आत बसून तिचा श्वास ऐकत होतो. ती घोरत होती, पूर्वी घोरायची तशी. उठल्यावर तिनं भाकरी मागून खाल्ली, माझ्या घरची नाही, जयवंताबाईकडची.

जाताना तिनं मयूरीच्या दोन वह्या आणि तिचा स्वेटर घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी दारात आलो तेव्हा तू मान खाली घातलीस आणि तुझे डोळे भरले. जयवंताबाईनं ते पाहिलं आणि संध्याकाळी मला विचारलं, मास्तर काऊन रडून राह्यले? असं परत करू नकोस. माझी दया आली तर तुझ्या शाळेत जा, रिकाम्या वर्गात बस आणि तिथं रड. तिच्यासमोर नाही.

रविकांत


२१ मार्च २०२५

हर्षदीप,

तू लिहितोस ती आता जेवते, झोपते, अंगणवाडीत मदतनीस म्हणून जायचं म्हणते. एवढं पत्र मी उशाशी ठेवलंय. सपनाच्या सायकलीला ती आता हात लावत नाही, हेही बरं झालं. हवा मात्र तू बघत जा, उन्हाळ्यात ती आपोआप वाढते.

तू पुढं जे लिहिलंस त्यावर मी रागावलो होतो, आता नाही. हे पाप मला पेलवत नाही, एक दिवस ताईला सांगून टाकतो आणि तुमचा संसार परत जोडून देतो, असं तुला वाटतं. हर्षदीप, माझा जीव तिच्यावर आहे. तिच्याशिवाय या घरात मला भांडी वाजलेलीही सोसत नाहीत. ती परत यावी म्हणून मी काहीही दिलं असतं, पण हे देणार नाही. ती माझ्यापाशी येऊन रोज स्वतःचा अंगठा बघत बसेल, तो संसार मला नको.

तिनं फारकतीचा कागद पाठवलाय. तू पाहिला असशीलच, अक्षर तुझं नाही म्हणून विचारतो. त्यात लिहिलंय की पतीने तडा गेलेला भाग माहीत असूनही मुलीच्या सायकलीला बसवला व त्यामुळे तिचा मृत्यू झाला, सबब यापुढे एकत्र राहणे शक्य नाही. मी दोनदा वाचलं. एकही शब्द बदलू नका म्हणून सांग.

मी सही केली आहे, कागद सोबत आहे. माझ्या बाजूनं लखननं साक्षीदार म्हणून सही केली. तुमच्या बाजूची जागा रिकामी आहे. तिथं तूच कर, दुसऱ्या कुणी केली तर तिला प्रश्न पडेल.

रविकांत